पाठीवर बिऱ्हाड, पायांत गोल

निकोला अनेल्का बारा क्लबांकडून खेळला. पॅरिस, लंडन, माद्रिद, लिव्हरपूल, मँचेस्टर, इस्तंबूल, बोल्टन, पुन्हा लंडन, शांघाय, तुरीन, वेस्ट ब्रॉमविच आणि सरतेशेवटी मुंबई. सात देश झाले, कारकीर्द जवळपास वीस वर्षांची. एवढ्या प्रवासातून फुटबॉलप्रेमींनी त्याच्याबद्दल एकच निष्कर्ष काढला, तो म्हणजे हा कुठे टिकलाच नाही. इंग्लंडच्या वृत्तपत्रांनी तर त्याला सदा रुसलेला खेळाडू म्हणून टोपणनावच देऊन टाकलं. एकदा असं नाव चिकटलं की पुढची प्रत्येक गोष्ट त्याच चष्म्यातून पाहिली जाते. क्लब बदलला की चंचल, भांडला की उद्धट, गप्प राहिला तर फुगलेला.

हा निवाडा अन्यायाचा आहे. अनेल्काच्या हातून चुका झाल्या, काही तर गंभीर झाल्या. त्यांच्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण स्ट्रायकर गावोगाव फिरतो त्याचं मूळ त्याच्या स्वभावात कमी आणि त्याच्या कामात जास्त असतं. फुटबॉलमध्ये सगळ्यात दुर्मीळ आणि म्हणून सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे गोल. जानेवारीत तळाशी घसरलेला क्लब पहिल्यांदा शोधतो तो स्ट्रायकर. पैशांची चणचण भासणारा क्लब पहिल्यांदा विकतो तोही स्ट्रायकरच, कारण त्याला भाव जास्त येतो. बचावपटूचा एखादा महिना वाईट गेला तरी तो खपून जातो. पुढच्या माणसाने आठ सामने गोल केला नाही की तो थेट बाकावर. शिवाय त्या जागा संघात असतात एक, फार तर दोन. अनेल्काच्या कारकिर्दीत या सगळ्या गोष्टी ठसठशीत दिसतात.

त्याचा जन्म १९७९चा. आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावरचे. मुलगा वाढला पॅरिसच्या पश्चिमेला त्राप या कामगारवस्तीच्या गावात. क्लेअरफाँतेनच्या राष्ट्रीय अकादमीतून तो पॅरिस सां-जर्मां अर्थात पीएसजीत आला आणि सतराव्या वाढदिवसाआधीच पहिल्या संघातून खेळला. वर्षभराने, फेब्रुवारी १९९७मध्ये प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्याला अवघ्या पाच लाख पौंडांत आर्सेनलला नेलं. पीएसजीला त्याची किंमत कळली नव्हती, वेंगर यांना कळली होती.

पुढच्याच हंगामात आर्सेनलने लीग आणि एफए कप, दोन्ही जिंकले. १९९८च्या कप फायनलमधला त्याचा गोल आजही पाहण्यासारखा आहे. रे पार्लरने न्यूकॅसलच्या बचावफळीच्या डोक्यावरून चेंडू टाकला, अनेल्का त्याच्या मागे धावला, घाई अजिबात न करता चेंडू ताब्यात घेतला आणि गोलरक्षकाच्या बाजूने खालून सरकवून दिला. एकोणीस वर्षांचा मुलगा, वेम्बली भरलेलं, आणि पायांत कुठेही थरथर नाही. पुढच्या हंगामात त्याने १७ लीग गोल केले आणि वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला. १० फेब्रुवारी १९९९ला त्याच वेम्बलीवर फ्रान्सने इंग्लंडला २-० हरवलं. फ्रान्सचा त्या मैदानावरचा हा पहिलाच विजय, आणि दोन्ही गोल अनेल्काचे.

मग आला रियाल माद्रिद. १९९९च्या उन्हाळ्यातला हा सौदा सुमारे सव्वादोन कोटी पौंडांचा. अनेल्का आर्सेनलमधून भांडून गेला, हे खरं. पण त्या पैशांचं काय झालं, हेही सांगायला हवं. आर्सेनलने लंडन कोल्नी इथलं नवं सराव केंद्र उभारलं ते प्रामुख्याने या रकमेतून, आणि थिएरी हेन्रीला आणलं तेही त्याच उन्हाळ्यात. ज्या हेन्रीचा पुतळा आज आर्सेनलच्या स्टेडियमबाहेर उभा आहे, त्याच्यासाठी जागा आणि पैसा दोन्ही मोकळे झाले ते अनेल्काच्या विक्रीने. इंग्लिश क्लबांच्या इतिहासात इतके फायद्याचे व्यवहार फार थोडे झाले असतील. तरीही आर्सेनलच्या चाहत्यांच्या मनात राहिला तो निघून गेलेला मुलगा.

माद्रिदमध्ये राउल आणि मोरिएंतेस ही जोडी आधीच जमलेली. त्यांच्यात हा वीस वर्षांचा लाजरा, अबोल फ्रेंच मुलगा. आपल्याला न मानवणाऱ्या पद्धतीने खेळवलं जातं ही त्याची तक्रार होती. मार्च २०००मध्ये त्याने सरावाला जायचंच नाकारलं आणि क्लबने त्याला ४५ दिवस निलंबित केलं. सरावाला न जाणं चूकच. पण कथा तिथे संपत नाही. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत रियालसमोर बायर्न म्युनिक होतं. त्याच हंगामात बायर्नने रियालला आधी ४-२ आणि नंतर ४-१ असं झोडपलेलं. या वेळी माद्रिदमधल्या सामन्यात चौथ्याच मिनिटाला अनेल्काने गोल केला. म्युनिकमध्ये बायर्न पुढे गेल्यावर बरोबरी साधणारा हेडरही त्याचाच. दोन सामने मिळून रियाल ३-२ने जिंकलं, आणि पुढे फायनलमध्ये व्हॅलेन्सियाला ३-० हरवून त्यांनी कप उचलला. अख्ख्या हंगामाची किंमत दोन संध्याकाळींत वसूल झाली होती. तरी तो उन्हाळा संपायच्या आत अनेल्का पीएसजीला परत विकला गेला होता.

पीएसजीत प्रशिक्षकाशी बिनसलं आणि डिसेंबर २००१मध्ये तो लोनवर लिव्हरपूलला आला. मोसम संपला तेव्हा लिव्हरपूलपुढे त्याला कायम ठेवायचा पर्याय होता. प्रशिक्षक जेरार हुलिए यांनी त्याच्याऐवजी सेनेगलच्या एल हाजी दियुफला घेतलं. अनेल्काचा स्वभाव डोक्यात ठेवून बरेच जण तेव्हा म्हणाले, बरं झालं. आकडे वेगळं सांगतात. दियुफने लिव्हरपूलसाठी दोन हंगामांत लीगमध्ये तीन गोल केले. अनेल्का गेला प्रशिक्षक केविन कीगनच्या मँचेस्टर सिटीत आणि अडीच हंगामांत त्याने ३७ लीग गोल मारले. मे २००३मध्ये सिटीने ॲनफिल्डवर जाऊन लिव्हरपूलला २-१ हरवलं. एक पेनल्टी आणि एक भरपाई वेळेतला विजयी फटका, दोन्ही अनेल्काचे. त्या मोसमात लिव्हरपूलची चॅम्पियन्स लीगची जागा हुकली. स्वभावावर दिलेला निकाल लिव्हरपूलला असा महागात पडला.

पुढची यादी भरभर सांगता येईल. २००५च्या जानेवारीत इस्तंबूलचा फेनरबाचे, तिथे लगेच लीगचं विजेतेपद. २००६मध्ये बोल्टनने ऐंशी लाख पौंड देऊन त्याला घेतलं, ती त्या क्लबची विक्रमी रक्कम. बोल्टन हा काही बड्या क्लबांत मोडणारा नव्हे. तरी सॅम ॲलरडाइस यांच्या त्या कडक, धसमुसळ्या संघात हा नाजूक पायांचा माणूस रमला, गोल करत राहिला, आणि बोल्टन यूएफा कपमध्ये पोचलं. दीड वर्षाने चेल्सीने त्याला दीड कोटी पौंडांना नेलं. म्हणजे बोल्टनला खेळही मिळाला आणि पैसे जवळजवळ दुप्पट झाले. तो जिथून गेला तिथल्या तिजोरीत अनेकदा भरच पडली; पीएसजीची दुसरी खेप आणि मँचेस्टर सिटीचा व्यवहार मात्र आतबट्ट्याचे ठरले.

चेल्सीत तो सगळ्यात जास्त टिकला, चार वर्षं. तिथल्या एका क्षणाशी त्याचं नाव कायमचं बांधलं गेलं. २१ मे २००८, मॉस्को, चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर मँचेस्टर युनायटेड. सामना १-१ असा बरोबरीत सुटून पेनल्टीवर गेला. फटका मारताना चेल्सीच्या जॉन टेरीचा पाय घसरला नसता तर चेल्सी तेव्हाच जिंकलं असतं. सातव्या फटक्यासाठी अनेल्का आला. तो अतिरिक्त वेळेत बदली खेळाडू म्हणून उतरलेला. चेल्सीचे खेळाडू बहुतेक फटके गोलरक्षकाच्या डावीकडे मारताहेत, हे युनायटेडचा गोलरक्षक एडविन वान देर सार याच्या ध्यानात आलं होतं. अनेल्का चेंडूमागे उभा राहिल्यावर वान देर सारने हात लांब करून आपल्या डाव्या बाजूकडे बोट दाखवलं, जणू विचारलं, तिकडेच मारणार ना? अनेल्काला एका क्षणात ठरवायचं होतं. त्याने दुसरी बाजू निवडली, मध्यम उंचीचा फटका मारला, आणि वान देर सारने तिकडेच झेपावून तो अडवला. कप युनायटेडकडे गेला. टेरीच्या वाट्याला सहानुभूती आली, अनेल्काच्या वाट्याला दोष.

त्यानंतरच्या हंगामात याच माणसाने १९ गोल करून प्रीमियर लीगचा गोल्डन बूट मिळवला. दुसऱ्या क्रमांकावरच्या रोनाल्डोचे १८ होते. ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या स्मरणात आहे. चेल्सीचा दुसरा स्ट्रायकर द्रोग्बा परतल्यावर अनेल्काला बाजूला, विंगवर सरकवलं गेलं, तरी तो कुरकुरला नाही. २००९-१०मध्ये चेल्सीने १०३ गोल ठोकून लीग जिंकली आणि एफए कपही. द्रोग्बा, लॅम्पार्ड यांच्या गोलांना वाट करून देणाऱ्यांत अनेल्का होता. सहा इंग्लिश क्लबांकडून मिळून त्याचे प्रीमियर लीगमधले गोल १२५ भरतात. न टिकणाऱ्या माणसाची ही कमाई नव्हे.

देशासाठी खेळताना मात्र हाती फार थोडं लागलं. १९९८च्या विश्वचषकाआधी प्रशिक्षक एमे जॅके यांनी २८ जणांच्या यादीतून जे सहा वगळले, त्यांत तो होता. २०००चा युरो कप त्याला मिळाला. मग २००२ नाही, २००६ नाही. विश्वचषक खेळायला मिळाला तो एकतिसाव्या वर्षी, २०१०मध्ये, दक्षिण आफ्रिकेत. मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक रेमों डोमेनेक यांच्याशी त्याची बाचाबाची झाली. ‘लेकिप’ या दैनिकाने पहिल्या पानावर अर्वाच्य शिवी छापली, आणि फेडरेशनने त्याला घरी पाठवलं. सहकाऱ्यांनी निषेध म्हणून सराव बंद ठेवला. बसमधून उतरायला ते तयार नव्हते, आणि खेळाडूंचं निवेदन वाचून दाखवायची वेळ आली खुद्द डोमेनेक यांच्यावर. फ्रान्स एका गुणासह गटात तळाला. अनेल्कावर १८ सामन्यांची बंदी. पुढे डोमेनेक यांनीच सांगितलं की छापून आलेले शब्द जसेच्या तसे त्याचे नव्हते. तोवर त्याची देशासाठीची कारकीर्द ६९ सामने आणि १४ गोलांवर संपली होती.

वेस्ट ब्रॉमविचमध्ये जे झालं, त्याची जबाबदारी मात्र पूर्णपणे त्याची. डिसेंबर २०१३मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध गोल केल्यावर त्याने हाताची जी खूण केली, ती फ्रान्समध्ये ज्यूद्वेषाशी जोडली गेलेली. आपल्या विनोदी कलाकार मित्राला पाठिंबा म्हणून ती केली, असं त्याने सांगितलं. चौकशी समितीनेही त्याचा हेतू ज्यूद्वेषाचा असल्याचं म्हटलं नाही. पण पस्तिशीला टेकलेल्या, जग फिरलेल्या माणसाला त्या खुणेचा अर्थ माहीत असायलाच हवा होता. पाच सामन्यांची बंदी आणि ऐंशी हजार पौंडांचा दंड ही शिक्षा योग्यच होती. क्लबने त्याला काढून टाकलं.

आणि मग, सप्टेंबर २०१४मध्ये, तो मुंबईकर झाला.

इंडियन सुपर लीगचं ते पहिलं वर्ष. फ्रान्सच्या युरो २००० विजेत्या संघातले तिघे जण तेव्हा आपल्या परिसरात आले होते. मुंबईत अनेल्का, पुण्यात बालेवाडीवर डेव्हिड ट्रेझेगे, मडगावला फातोर्ड्यावर रॉबर पिरेस. युरोच्या त्या फायनलमध्ये पिरेसच्या पासवर ट्रेझेगेने सुवर्ण गोल केला होता. चौदा वर्षांनी तेच दोघे महाराष्ट्र आणि गोव्याच्या प्रतिस्पर्धी संघांत. लोकांनी स्टेडियमं भरली, आणि फुटबॉलकडे कधी न पाहणारी घरंही संध्याकाळी टीव्ही लावून बसली. या गोष्टीचं मोल कमी लेखू नये. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर केरळ ब्लास्टर्सविरुद्ध अनेल्काच्या फ्री किकवर मुंबईने १-० विजय मिळवला, तेव्हा तिथल्या पोरांनी एका खऱ्या मोठ्या आघाडीवीराचा पाय चेंडूला कसा लागतो ते डोळ्यांनी पाहिलं.

पण त्याचे मुंबईसाठीचे गोल बोटांवर मोजण्याइतकेच. पहिल्या वर्षी संघ आठांत सातवा. २०१५मध्ये तो खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत होता, संघ सहावा. पस्तीस-छत्तीस वर्षांच्या माणसाला नावासाठी आणायचं आणि त्याच्यामागे चेंडू पुरवणारी मधली फळीच उभी करायची नाही, हा दोष आणणाऱ्यांचा. त्याच हंगामात एक चांगली गोष्टही घडली. भारताचा आघाडीवीर सुनील छेत्री लिलावात एक कोटी वीस लाखांना मुंबईत आला, आणि अनेल्काच्या हाताखाली त्याने सात गोल केले. त्यांत नॉर्थईस्टविरुद्धच्या ५-१ विजयातली हॅटट्रिक होती. आयएसएलमधली ती भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक.

खरं तर छेत्रीही काही कमी फिरलेला नाही. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, पंजाबात जेसीटी, गोव्यात डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्स, अमेरिकेत कॅन्सस सिटी, लिस्बनला स्पोर्टिंगचा दुसरा संघ, मग बेंगळुरू आणि मुंबई. त्याला कुणी चंचल म्हटलं नाही, आणि ते बरोबरच झालं. काम मिळेल तिथे तो गेला, गोल करत राहिला. हीच मोजपट्टी अनेल्कालाही लावायला हवी.

फिरस्त्या स्ट्रायकरचा नीट उपयोग कसा करून घ्यायचा, हेही मुंबईनेच पुढे दाखवलं. नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे कारकिर्दीच्या सुरुवातीला पीएसजीत होता; अनेल्काची तिथली दुसरी खेप सुरू असतानाच तो पहिल्या संघात आला. नंतर युरोपातले अनेक देश पालथे घालून तो भारतात पोचला, आणि नॉर्थईस्ट, केरळ, मुंबई, हैदराबाद अशा चार संघांकडून मिळून साठहून अधिक गोल करून गेला. १३ मार्च २०२१ला फातोर्ड्यावर झालेली मुंबई विरुद्ध एटीके मोहन बागान ही फायनल आठवा. सामना १-१, शेवटची मिनिटं. मोहन बागानचा गोलरक्षक पुढे येऊन चेंडू साफ करायला गेला आणि छत्तीस वर्षांचा ओगबेचे त्याच्यावर धावून गेला. चेंडू हिसकावला, स्वतः घाईने फटका न मारता बिपिन सिंगकडे दिला, आणि बिपिनने जाळ्यात मारला. मुंबई पहिल्यांदा विजेता. ओगबेचे मुंबईत एकच हंगाम राहिला. त्याच्या निष्ठेचा हिशेब कुणी मागितला नाही, मागायचं कारणही नव्हतं.

या सगळ्यातली दुखरी जागा वेगळीच आहे. आयएसएलच्या २०१४ ते २०२४-२५ या अकराही हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान परदेशी खेळाडूलाच मिळाला. त्याआधी आय-लीगमध्येही डेम्पोचा रॅंटी मार्टिन्स आणि चर्चिलचा ओडाफा ओकोली यांचंच राज्य होतं. पाहुणा येतो, गोल करतो, जातो. त्यात त्याचा दोष नाही, त्याला त्यासाठीच आणलेलं असतं. पण त्याच्या शेजारी आपला पोरगा उभा राहिला तरच तो काही शिकेल. आपले क्लब नऊ नंबरची जागा परदेशी माणसाला देतात आणि भारतीय आघाडीवीराला विंगवर ढकलतात किंवा बाकावर बसवतात. आता मैदानात चारच परदेशी चालतात, तरी त्या चारांतला एक बहुतेक वेळा सगळ्यात पुढेच असतो. जून २०२४मध्ये ९४ गोल नावावर असताना छेत्री राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला. नऊ महिन्यांत, मार्च २०२५मध्ये, त्याला परत बोलवावं लागलं. त्याचं वय होतं चाळीस, आणि त्या आयएसएल हंगामात भारतीयांत सर्वाधिक, चौदा गोल त्याचेच होते.

मुंबई आणि गोव्याच्या क्लबांकडे म्हणून एक मागणी करायला हवी. परदेशी स्ट्रायकर जरूर आणा, तो बारा क्लब फिरलेला असला तरी आणा. पण प्रत्येक हंगामात किमान एका भारतीय आघाडीवीराला नऊ नंबरच्या जागेवर सलग दहा सामने खेळवा, तो पहिल्या पाचांत गोल न करता परतला तरी. आपल्याकडे जागा नसेल, तर त्याला जिथे जागा आहे तिथे वर्षभर लोनवर पाठवा. अनेल्का सोळाव्या वर्षी पीएसजीच्या पहिल्या संघात होता आणि एकोणिसाव्या वर्षी वेम्बलीवर फायनलमध्ये गोल करत होता, कारण त्या वयात त्याला कुणीतरी मैदानात उतरवलं होतं.